हीट पाइपवाला फ्युएल सेल स्टॅक सारखा तापून ट्रिप होतोय? पाइप बदलायच्या आधी हे तपासा

हे लिहितोय ते छोट्या पीईएम फ्युएल सेल स्टॅकबद्दल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून वीज आणि पाणी करणारे, मध्ये मेम्ब्रेन नावाचा पातळ पडदा असलेले सेल एकाला एक लावून रचलेले. साधारण ३०० वॅट ते एक किलोवॅटचे, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा बॅकअप पॉवरच्या प्रयोगात असतात ते. यांच्यात पाण्याचा पंप नसतो, सेलांमधल्या प्लेटांमध्ये तांब्याचे हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्या) घातलेले असतात आणि पाइपांची दुसरी टोकं बाहेर फिन्सच्या (हवेत उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) ब्लॉकमध्ये अडकवलेली असतात. बस-गाडीतल्या मोठ्या स्टॅकचं प्रकरण वेगळं आहे, ते इथं धरू नका.

असे स्टॅक दुरुस्तीला येतात तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, "ओव्हर टेम्परेचर ट्रिप, हीट पाइप खराब, नवीन बसवणे." आणि बहुतेक वेळा पाइपला काहीही झालेलं नसतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उष्णता प्लेटमधून पाइपात, पाइपातून फिन्समध्ये आणि फिन्समधून हवेत जाते, या वाटेत ती कुठंतरी अडलेली असते आणि ती जागा शोधायला पाइप उपटायची गरज नसते.

लक्षणं

यातलं तुमच्याकडं नक्की काय होतंय ते आधी बघा, पुढं कुठून सुरू करायचं ते त्यावरच ठरतं.

– सुरुवातीला सगळं व्यवस्थित, मग तापमान हळूहळू चढत राहतं, स्थिरावतच नाही, ७५-८० अंशांच्या आसपास कंट्रोलर लोड तोडतो. गार झाला की परत तोच खेळ.
– कमी लोडला काही त्रास नाही, पण एका ठरावीक करंटच्या पुढं गेलं की तापमान एकदम उसळतं.
– सकाळी चालतो, दुपारी ट्रिप होतो. मार्च ते मे ही तक्रार सगळ्यात जास्त.
– जागा बदलल्यापासून, म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर नेल्यापासून सुरू झालं.
– सगळा स्टॅक ठीक, फक्त दोन-चार सेल बाकीच्यांपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम.
– स्टॅक तापलाय पण फिन्स हाताला गार लागतात. किंवा उलट, फिन्सही चांगल्याच पोळतायत. या दोन गोष्टींतला फरक फार कामाचा आहे, पुढं येईलच.
– लोड नसतानाही एखाद्या सेलचं व्होल्टेज बाकीच्यांच्या खाली आहे आणि तिथली प्लेट कोमट लागते. हे असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी हायड्रोजन बंद करा आणि मग खालचा टेपवाला आणि 'इथं थांबा' हे दोन भाग वाचा.

थोडा हिशोब, याच्याशिवाय पुढचं कळणार नाही

सेलमधून जेवढी वीज निघते जवळपास तेवढीच उष्णताही निघते. ढोबळ सूत्र सोपं आहे, १.२५ व्होल्टमधून सेलचं व्होल्टेज वजा करा आणि करंटनं गुणा. सेल ०.६५ व्होल्टला ५० अँपिअर देत असेल तर ०.६० गुणिले ५०, म्हणजे ३० वॅट उष्णता, एका सेलमागं. वीस सेल असतील तर ६०० वॅट. तयार होणारं पाणी सेलच्या आतच वाफेचं द्रव होत असेल तर १.२५ च्या जागी १.४८ धरायचं आणि मग तीच उष्णता एका सेलमागं ४१ वॅटच्या आसपास जाते. गाडीच्या इंजिनातली बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते, इथं तशी सोय नाही, कारण बाहेर पडणारी हवा जेमतेम ६०-६५ अंशांची असते, ती फारसं काही नेत नाही. म्हणजे जवळजवळ सगळा भार त्या पाइपांवर.

६ मिमीचा, आत तांब्याच्या पावडरचा सच्छिद्र थर असलेला चांगला पाइप आडवा ठेवला तरी ३०-४० वॅट आरामात नेतो. आत पाणी असतं एखाद-दोन ग्रॅम. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ गार टोकाला जाऊन पाणी होतं आणि ते पाणी सच्छिद्र थरातून परत येतं. ३० वॅटला मिनिटाला पाऊण ग्रॅम पाणी असं फिरतं. यात हलणारा भाग एकही नाही म्हणून तर नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रानं अंतराळातल्या फ्युएल सेलसाठी पंप काढून असल्या पॅसिव्ह पद्धतीवर काम केलं, पंप बिघडला तर तिथं बदलायला कोण जाणार.

आणि हो, पॅसिव्ह म्हणजे पंप नाही एवढंच. फिन्सवर छोटा पंखा असू शकतो. पंखाही नको म्हणाल तर ६०० वॅट नुसत्या मोकळ्या हवेत सोडायला ३० अंशांच्या फरकावर अडीच-तीन चौरस मीटर फिन्स लागतात, त्यामुळं ज्यांनी पुस्तकाएवढ्या ब्लॉकवर बिनपंख्याचा एक किलोवॅट चालवायचं ठरवलंय त्यांच्यासाठी समस्या निवारण वगैरे काही नाही, डिझाइनच परत करा.

पहिली तपासणी : आकडा खरा आहे का

फुकटातली तपासणी आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) बऱ्याचदा प्लेटच्या भोकातून अर्धं बाहेर आलेलं असतं, किंवा कुणीतरी साफसफाई करताना ओढलेलं असतं आणि मग परत "अंदाजे तिथंच" चिकटवलेलं असतं. काढून उकळत्या पाण्यात धरा, पुण्यात ९८ च्या आसपास दाखवायला पाहिजे, मुंबईत १००. बर्फाच्या पाण्यात शून्य. तापवल्यावर आकडा खाली जात असेल तर वायरी उलट्या जोडल्यात. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, आठ-दहाचा असेल तर तुमचा स्टॅक कदाचित कधी तापलाच नव्हता.

आणखी एक, लांबून तापमान मोजणारी हातातली ती लेझरवाली आयआर गन. चकचकीत तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर ती धरली तर ती खोलीचंच तापमान सांगते, कारण चकचकीत धातू स्वतः फारसं रेडिएशन टाकत नाही, समोरचं परावर्तित करतो. मी बघितलंय, ६५ अंशांच्या पाइपावर गन धरायची, ती ३४ दाखवणार आणि लॅब असिस्टंट म्हणणार, "सर, बघा, पाइप गारच आहे, मेलाय." पाइपावर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि त्या तुकड्यावर गन धरा. मेलेला पाइप तिथल्या तिथं जिवंत होतो.

दुसरी : हवा

फिन्समध्ये बॅटरी लावून आरपार बघा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर मिळालं. लॅब रस्त्याच्या बाजूला असेल किंवा शेजारी वर्कशॉप असेल तर दोन-तीन महिन्यांत फिन्सवर धुळीची आणि सुताची गोधडी तयार होते, वरून दिसत नाही कारण ती पंख्याच्या मागं, हवा आत शिरते त्या कडेला बसते. पंखा काढून मऊ ब्रशनं झाडा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

मग बाकीचं बघा. पंखा उलटा बसलाय का (कडेवर बाण असतो), गरम हवा भिंतीला आपटून परत आत येतेय का, वर कुणी फाइल किंवा झाकण ठेवलंय का. पंखा नसेल तर फिन्स उभ्या असायला हव्यात, म्हणजे हवा खालून शिरून वर निघून जाईल. आडव्या फिन्समध्ये गरम हवा तशीच तुंबून राहते.

दुपारी ट्रिप होणाऱ्यांसाठी हिशोब असा. स्टॅक ६५ अंशांवर चालवायचाय आणि खोली २५ अंश आहे तर उष्णता ढकलायला ४० अंशांचा फरक मिळतो. खोली ४० अंश झाली की उरतो २५. म्हणजे त्याच फिन्स, तोच पंखा, पण क्षमता साधारण ६२ टक्के. नागपूर-चंद्रपूरकडं मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश असेल तर निम्मी. यात काही बिघडलेलंच नाही. लोड कमी करा, पंखा मोठा लावा किंवा सकाळी चालवा. जानेवारीत डिझाइन करून जानेवारीतच टेस्ट केलेले स्टॅक मे महिन्यात माझ्याकडं येतात ते याच कारणानं.

याच्या उलटंही होतं बरं का. हीट पाइपला थर्मोस्टॅट नसतो, थंडीत सकाळी लोड कमी असताना तो स्टॅकला गरमच होऊ देत नाही, ३०-३५ वर अडकतो, आत पाणी साचतं आणि सेलची व्होल्टेजं नाचायला लागतात. तेव्हा फिन्सचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा, गरम झाला की काढायचा. दिसतं गावठी पण काम करतं.

तिसरी : स्पिरिट लेव्हल ठेवा

जागा बदलल्यापासून त्रास सुरू झालाय त्यांच्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची. पाइपाचं गरम टोक खाली आणि फिन्सचं टोक वर असेल तर पाणी गुरुत्वाकर्षणानं आपोआप परत येतं. उलट असेल तर ते पाणी सच्छिद्र थराला वर ओढून न्यावं लागतं आणि त्या ओढण्याला मर्यादा आहे. पावडरचा थर असलेल्या पाइपात छिद्रांची त्रिज्या ५० मायक्रॉनच्या आसपास धरली तर कागदावर पाणी २५ सेंमीपर्यंत चढू शकतं, पण ते नुसतं उभं राहण्यापुरतं. वाहायचंही असेल तर त्यातलं बरंच घर्षणात जातं. आत फक्त खाचा पाडलेला स्वस्तातला पाइप असेल तर जेमतेम काही सेंमी.

म्हणून कमी लोडला ठीक आणि एका करंटच्या पुढं एकदम उसळी हे लक्षण दिसलं की मी आधी लेव्हल ठेवतो. लोड वाढला की पाणी जास्त वेगानं परत यायला पाहिजे, ते येत नाही, गरम टोक कोरडं पडतं आणि तिथून पुढं पाइप म्हणजे नुसती तांब्याची पोकळ नळी. तशी नळी किती उष्णता नेते माहितीये? ६ मिमी व्यास, ०.३ मिमी जाडीची भिंत, १५ सेंमी अंतर, ३० अंशांचा फरक, तरी अर्ध्या वॅटच्या आतबाहेर. कुठं ३० वॅट आणि कुठं अर्धा.

टेबलाचा पाय, रबरी बूट, खालचा प्लायवूडचा तुकडा, काहीही असू शकतं. फिन्सची बाजू दोन-तीन सेंमी उचलून परत चालवा, फरक पडला तर तिढा सुटला. कोरडा पडलेला पाइप लोड काढून गार केला की बहुतेक वेळा आपणहून सावरतो, त्याला कायमची इजा होत नाही.

चौथी : लोड तोच आहे, उष्णता तीच आहे का?

लोक म्हणतात, पूर्वी ५० अँपिअरला चालायचा, आता चालत नाही. बरोबर आहे, पण सेलचं व्होल्टेज किती होतं तेव्हा? स्टॅक जुना झाला, ०.६५ चा ०.५५ वर आला, तर त्याच ५० अँपिअरला उष्णता ३० वरून ३५ वॅट होते आणि वीज मात्र कमी मिळते. कंट्रोलर वॅट धरून चालणारा असेल तर तो कमी झालेलं व्होल्टेज भरून काढायला करंट आणखी ओढतो, उष्णता आणखी वाढते. मूळ टेस्ट रिपोर्ट काढा, त्याच करंटला प्रत्येक सेलचं व्होल्टेज आज किती आहे ते शेजारी लिहा. सगळेच सेल सारखे उतरलेत म्हणजे वय झालंय किंवा मेम्ब्रेन कोरडं पडतंय, त्यावर खाली बोलतो. एक-दोनच उतरलेत तर त्या जागेचा प्रश्न.

पाचवी : तापमान कुठं उडी मारतंय

आता थोडं काम. चार-पाच थर्मोकपल घ्या, प्लेट, प्लेटमधून बाहेर पडल्यावर लगेच पाइप, फिन ब्लॉकमध्ये शिरायच्या आधी पाइप, फिनचं मूळ आणि खोलीची हवा. स्टॅक ट्रिप होणार नाही अशा मध्यम लोडला अर्धा तास स्थिर चालवा आणि पाचही आकडे लिहा. मला नेहमी आधी हेच आकडे लागतात, फोनवर कुणी "तापतोय" म्हटलं की मी हेच मागतो.

ठीक असलेल्या एका रिगचे आकडे साधारण असे असतात, प्लेट ६४, पाइप सुरुवातीला ६०, शेवटी ५८, फिनचं मूळ ५१, हवा ३०. पाइपाच्या दोन टोकांत दोन-तीन अंश, बस. आता समजा तुमचे आले प्लेट ७६, पाइप ५९, ५७, फिन ५१, हवा ३०. पाइप निर्दोष आहे, १७ अंश प्लेट आणि पाइपाच्या सांध्यात जातायत. समजा प्लेट ७६, पाइप ७२, ७०, फिन ४८. तर उडी पाइप आणि फिनच्या मध्ये आहे. आणि फिन ६५, हवा ३० आली तर सांधे-बिंधे सगळं सोडा, परत दुसऱ्या तपासणीवर जा, हवाच कमी पडतेय. "फिन्स गार, स्टॅक गरम" आणि "फिन्सही गरम" यातला फरक तो हाच.

पाइपाच्याच दोन टोकांत दहा-पंधरा अंश पडत असतील तरच पाइपावर संशय घ्या.

सहावी : पेस्ट आणि स्क्रू

इथून पुढं हात लावायच्या आधी हायड्रोजन बंद, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, नायट्रोजननं पर्ज (म्हणजे नायट्रोजन सोडून आतला गॅस बाहेर काढणं), आणि स्टॅकवर छोटा रेझिस्टर लावून व्होल्टेज शून्यावर आणा. गॅस बंद केला म्हणजे व्होल्टेज लगेच जातं असं नाही, आत उरलेल्यावर सेल बराच वेळ टिकून राहतात आणि पाना अडकला तर ठिणगी पडते.

खाचेतला पाइप बाहेर काढलात की पेस्ट बघा. चांगली पेस्ट ओलसर, लोण्यासारखी पुसली जाते. बिघडलेली पांढरी भुकटी होऊन नखानं खरवडून निघते आणि पाइपाच्या मधोमध उघड्या तांब्याचा पट्टा दिसतो, पेस्ट दोन्ही कडांना ढकललेली. रोज गरम-गार होऊन प्लेट आणि पाइप कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यात ती हळूहळू बाहेर सरकते. मग मध्ये राहते हवा, आणि हवेची उष्णता वाहायची ताकद पेस्टपेक्षा कितीतरी पटींनी कमी असते, त्यामुळं केसाएवढी फट दहा-वीस अंश खाऊन टाकते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू स्वच्छ पुसा, नवीन पेस्ट पातळ लावा. पातळ म्हणजे पातळ, पाव भाजीवरचं बटर नव्हे, जास्त लावली तर ती बाहेर येऊन गॅसच्या चॅनलच्या बाजूला जाते आणि तो वेगळाच डोक्याला ताप. पेस्ट सिलिकॉनची आहे, मेम्ब्रेनच्या, गॅस्केटच्या जवळपास जाऊ देऊ नका. चांदीवाली, वीज वाहणारी पेस्ट तर इथं अजिबात नको. ती का नको ते पुढच्याच तपासणीत. फिन ब्लॉकचे स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळा, एकदम एक बाजू पिळली की ब्लॉक तिरका बसतो.

हे स्क्रू फिन ब्लॉकचे. स्टॅकच्या एंड प्लेटचे (दोन्ही टोकांच्या प्लेटांचे) लांब बोल्ट वेगळे, त्यांना हात लावायचा नाही.

सातवी : इन्सुलेशन टेप

ही चूक हीट पाइपवाल्या फ्युएल सेललाच होते. कॉम्प्युटरच्या कूलरवर काम केलेली मंडळी इथं फसतात, कारण तिथं पाइप कशालाही टेकला तरी चालतो. इथं प्रत्येक प्लेट वेगळ्या व्होल्टेजवर आहे आणि पाइप तांब्याचे आहेत. सगळे पाइप एकाच ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला थेट टेकले तर सगळे सेल त्या ब्लॉकमधून शॉर्ट. म्हणून पाइप आणि ब्लॉकच्या मध्ये पिवळी पॉलिइमाइड टेप, अल्युमिनाची पातळ चकती किंवा थर्मल पॅड असतं.

यात दोन प्रकारचे घोळ होतात. पहिला, टेप फाटते. फिनच्या कडेला बारीक बर (कापताना राहिलेली धारदार कड) असते, ती टेपमधून घुसते, दोन पाइप ब्लॉकला टेकतात आणि मधले सेल बिनलोडचेसुद्धा करंट देत बसतात, व्होल्टेज उतरतं, प्लेट तापते. स्टॅक पूर्ण रिकामा आणि व्होल्टेज शून्य असताना मल्टिमीटरनं प्रत्येक पाइप ते ब्लॉक मोजा. बीप वाजला की तो पाइप. बर कानशीनं घासा, टेप नवीन लावा.

दुसरा घोळ काळजीपोटी होतो. कुणीतरी "सेफ्टीसाठी" एका थराच्या जागी तीन थर गुंडाळतं. या टेपमधून उष्णता फार कष्टानं जाते. १० चौरस सेंमी जागेतून ३० वॅट जात असतील तर गोंद धरून एका थराला ढोबळमानानं १० अंश पडतात. तीन थर म्हणजे ३०. शॉर्ट होत नाही, सगळं नीटनेटकं दिसतं आणि स्टॅक मात्र उकळतो. पाइप ७०, फिन ४२ असे आकडे आले की मी पहिल्यांदा टेपचे थर मोजतो. सुरक्षित राहायचंय तर थर वाढवू नका, कडा गोल करा आणि टेकायची जागा वाढवा.

आठवी : आता पाइप

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि पाइपाच्या दोन टोकांतच उडी आहे, तर पाइप बाहेर काढून तपासा. ७० अंशांच्या आसपास गरम पाणी ग्लासात घ्या, पाइपाचं एक टोक दोन-तीन सेंमी बुडवा, दुसरं बोटात धरा. चांगला पाइप असेल तर तीन-चार सेकंदांत बोट काढावं लागतं. शेजारी एक चांगला पाइप असाच धरून बघा म्हणजे अंदाज येईल. मेलेला असेल तर बराच वेळ धरून बसलात तरी काही नाही, म्हणजे सील फुटून हवा शिरलीय.

मधला एक प्रकार असतो, जवळपास सगळा पाइप गरम होतो पण शेवटचे दोन-तीन सेंमी गार राहतात. आत पाणी आणि वाफेशिवाय तिसरं काहीतरी आलंय, थोडी हवा किंवा हायड्रोजन. वाफ त्या गॅसला ढकलत शेवटच्या टोकाला नेते आणि तो तिथं ठाण मांडून बसतो, तेवढा पाइप वाया. ६० अंशांना पाइपात दाब जेमतेम ०.२ बार असतो, त्यामुळं बाहेरची हवा आत ओढली जायला सूक्ष्म चीरही पुरते. स्वस्तात म्हणून ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी भरून घरी पाइप बनवणाऱ्यांनी नाद सोडा. ॲल्युमिनियम आणि पाण्याची आतल्या आत रिॲक्शन होऊन हायड्रोजन सुटत राहतो आणि काही दिवसांत पाइप बाद. पाण्याला तांबंच.

पाइपावर घडी, चेपलेली जागा, किंवा व्यासाच्या तिप्पटीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण दिसलं तर तो बदला, आतला थर तुटलेला असतो. नवीन पाइप घेताना त्याच लांबीचा, पावडर थराचा घ्या, आणि खाचेत बसत नाही म्हणून हातोडीनं चपटा करू नका, चपटा केला की क्षमता झपाट्यानं पडते. पाइप सोल्डर करायचा मोह टाळा. बंद नळीत पाणी आहे, २५० अंशांच्या पुढं तो फुटू शकतो, डोळ्यासमोर. निकेल प्लेटिंग असलेला मिळाला तर तोच घ्या, उघडं तांबं ओल्या जागी गंजतं आणि तांब्याचे आयन मेम्ब्रेनमध्ये गेले की ते परत काढता येत नाहीत.

सगळं ठीक, तरी तापतोय

मग कूलिंगचा दोष नाही, मेम्ब्रेन कोरडं पडतंय असं धरून बघा. कोरडं मेम्ब्रेन म्हणजे जास्त रेझिस्टन्स, म्हणजे त्याच करंटला कमी व्होल्टेज, म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे आणखी कोरडं. बाहेरून हे हुबेहूब कूलिंग बिघडल्यासारखं दिसतं. एक किलोहर्ट्झचा मिलिओहम मीटर असेल तर लोडवर रेझिस्टन्स बघा, तापमानाबरोबर तो चढत असेल तर हेच. हवा ओली करणाऱ्या ह्युमिडिफायरमधलं पाणी संपलंय का, हवेचा फ्लो गरजेपेक्षा फार जास्त ठेवलाय का ते बघा, लोड निम्मा करून अर्धा तास ओली हवा द्या. सेल एकेकटे उड्या मारत असतील आणि पर्ज केल्यावर सुधारत असतील तर ते उलट, पाणी साचतंय.

इथं थांबा

पुढच्या कुठल्याही गोष्टीला स्वतः हात लावू नका, स्टॅक बनवणाऱ्याला किंवा फ्युएल सेलवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा.

बिनलोडचं सेल व्होल्टेज बाकीचे ०.९५ च्या आसपास असताना एखाद्याचं स्पष्ट खाली, आणि सातवी तपासणी करून शॉर्ट सापडला नाही. मेम्ब्रेनला भोक असू शकतं, हायड्रोजन आणि हवा आत एकत्र येतायत, तिथंच जळतायत, म्हणून प्लेट गरम. हा स्टॅक परत चालवून बघायचा नाही, "एकदाच बघू" असंसुद्धा नाही.

एंड प्लेटचे बोल्ट सैल वाटतायत, गॅस्केट बाहेर आलंय. हे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, ठरलेल्या क्रमानं आवळलेले असतात, अंदाजानं पिळले की ग्राफाइट प्लेट तडकते.

हायड्रोजन डिटेक्टर वाजला किंवा सांध्यावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले आणि ते साध्या फिटिंगवर नाहीत, स्टॅकच्या अंगावर आहेत. हायड्रोजनला वास नाही, ज्योत उजेडात दिसत नाही, आणि हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो. खिडक्या उघडा, स्विच चालू-बंद करू नका, बाहेर या. सिलिंडर किंवा रेग्युलेटरचा प्रश्न असेल तर गॅस पुरवठादारालाच बोलवा. त्याचे आटे उलटे असतात, सैल करायला जाल आणि आवळाल, किंवा उलट.

तापमान एकदा ८५-९० च्या पुढं गेलेलं असेल, मग ट्रिप झाला असेल तरी, तो स्टॅक तपासून घेतल्याशिवाय पूर्ण लोडला लावू नका.

तंत्रज्ञाला फोन करायच्या आधी पाच जागांची तापमानं, त्या वेळचा करंट, प्रत्येक सेलचं व्होल्टेज लोडवर आणि बिनलोडचं, खोलीचं तापमान, आणि फिन्सची बाजू वर आहे की खाली एवढं एका कागदावर लिहून फोटो पाठवा. निम्म्या वेळा फोनवरच काम होतं आणि स्टॅक गाडीत घालून आणायची वेळ येत नाही.